एका टिचकीत आलेला माइंड मॅप डोक्यात का उतरत नाही?

नववीतली माझी भाची गेल्या महिन्यात मोबाइल घेऊन माझ्याकडे आली. भूगोलाच्या धड्याची पीडीएफ तिने एका ॲपमध्ये टाकली होती आणि अर्ध्या मिनिटात ॲपने तिला फांद्याफांद्यांचं रंगीत चित्र, म्हणजे माइंड मॅप, काढून दिलं होतं. मध्ये 'पाऊस', भोवती सहा फांद्या, प्रत्येक फांदीला चार-पाच डहाळ्या. दिसायला अगदी देखणं. मी एका रेषेवर बोट ठेवलं. ती 'सह्याद्री'पासून 'पर्जन्यछाया'पर्यंत, म्हणजे डोंगरापलीकडच्या कमी पावसाच्या भागापर्यंत, जात होती.

"ही रेष का काढलीस गं?"

"मावशी, ती मी नाही काढली. ॲपने काढली."

"बरं. मग ॲपने का काढली असेल?"

ती बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिली. मग म्हणाली, "धड्यात दोन्ही आहेत म्हणून."

पोरगी हुशार आहे. धडा तिने वाचलेला होता. पण त्या रेषेत धड्याचा गाभा होता आणि तोच तिच्या हातून निसटला होता, कारण ती रेष ओढायची वेळच तिच्यावर आली नव्हती. परीक्षा जवळ आल्या की पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर अशी 'एका पानात संपूर्ण धडा' छापाची चित्रं फिरू लागतात. गूगलच्या नोटबुकएलएममध्येही २०२५ पासून माइंड मॅपची सोय आली आहे: कागदपत्रं टाका, नकाशा घ्या. त्यामुळे ही चित्रं काय असतात, ती कशी काम करतात आणि कधी काहीच काम करत नाहीत, हे नीट उलगडून सांगावंसं वाटलं.

## आधी शब्द समजून घेऊ

माहिती ओळीमागून ओळ लिहिण्याऐवजी चौकटी, वर्तुळं, रेषा आणि बाण वापरून पानावर मांडली की तिला ग्राफिक ऑर्गनायझर म्हणतात. मराठीत आपण त्याला आकृतिबंध म्हणू. हा शब्द महाराष्ट्रातल्या शाळकरी पोरांना पाठ आहे. 'आकृतिबंध पूर्ण करा', 'ओघतक्ता पूर्ण करा' अशा कृती त्यांनी दोन-दोन गुणांसाठी कितीदा सोडवलेल्या असतात. हेच काम फोनवर किंवा संगणकावर केलं की तो डिजिटल आकृतिबंध.

आपल्या भाषेत यासाठी एक सुंदर शब्द आधीपासून आहे: मांडणी. वक्त्याने मुद्द्यांची मांडणी छान केली असं आपण म्हणतो, आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर ताट-वाट्या लावायला स्टीलची असते तीही मांडणीच. त्या मांडणीकडे जरा बघा. ताटं उभ्या खणात, वाट्या एकीकडे, पेले वरच्या पट्टीवर, डाव आणि पळ्या खालच्या आकड्यांना. भांडी घासून टोपल्यात पालथी घातलेली असतात तेव्हाही ती सगळी तिथेच असतात, पण झारा हवा असला की अर्धं टोपलं उपसावं लागतं. मांडणीवर मात्र हात न बघता जातो. शिवाय एखादा खण रिकामा दिसला की लगेच कळतं, कुठलं तरी ताट शेजारी राहिलंय.

ही शेवटची गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. काय आहे हे टोपलंही सांगेल. काय नाही, हे फक्त मांडणीच दाखवते.

## डोक्यातली शेगडी चार बर्नरची

आकृतीची गरजच का पडते? वाचलं, समजलं, संपलं, असं का होत नाही?

विचार करताना आपण ज्या गोष्टी त्या क्षणी मनात धरून ठेवतो, तेवढ्यापुरत्या त्या जागेला मानसशास्त्रात कार्यकारी स्मृती म्हणतात. ही जागा फार अपुरी असते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली 'एका वेळी सातच्या आसपास गोष्टी' हा आकडा प्रसिद्ध केला. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये अनेक प्रयोगांचा नव्याने आढावा घेतला आणि तो चारच्या आसपास आणला. म्हणजे शेगडी चार बर्नरची. त्यावर वरण, भात, भाजी, कढी चढवली की पोळ्यांचा तवा कुठे ठेवायचा हा प्रश्न येतोच.

आता पावसाचं एक वाक्य घ्या: 'उन्हाळ्यात जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, त्यामुळे जमिनीवर हवेचा दाब कमी होतो, म्हणून समुद्रावरून बाष्प घेऊन वारे येतात, ते सह्याद्रीला अडून वर चढतात, वर गार होतात आणि बाष्पाचं पाणी होऊन पाऊस पडतो.' समजायला अवघड यात काही नाही. पण सह्याद्रीपर्यंत पोचेतो दाबाचं भांडं शेगडीवरून उतरलेलं असतं. हे टप्पे आपण कागदावर किंवा स्क्रीनवर चौकटींत ठेवले की धरून ठेवायचं काम डोळ्यांसमोरचं पान करतं, आणि डोकं संबंध लावायला मोकळं होतं. आकृतिबंधाची जादू म्हणतात ती एवढीच.

## मुलाखतींच्या ढिगाऱ्यातून निघालेली युक्ती

आकृतिबंधांत मला सगळ्यात कसदार वाटतो तो संकल्पना नकाशा. त्याचा जन्म १९७२ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात झाला. जोसेफ नोव्हाक आणि त्यांचे सहकारी लहान मुलांना विज्ञान कसं समजतं हे वर्षानुवर्षं तपासत होते. मुलांच्या मुलाखती घ्यायच्या, त्या उतरवून काढायच्या, काही वर्षांनी त्याच मुलांना पुन्हा बोलतं करायचं. कागदांचा ढीग झाला. पण या मुलाच्या समजुतीत आधी काय होतं आणि आता काय बदललं, हे त्या पानांतून काही केल्या दिसेना. तेव्हा त्यांनी मुलांच्या बोलण्यातल्या कल्पना चौकटींत लिहिल्या आणि त्यांना जोडणारे शब्द रेषांवर लिहिले. मुलाच्या डोक्यातलं चित्र त्यांना एका पानावर दिसू लागलं.

म्हणजे संकल्पना नकाशा पाठांतराची युक्ती म्हणून जन्मलाच नाही. समोरच्याला नेमकं काय कळलंय हे दिसावं म्हणून तो काढला गेला. नोव्हाक यांच्यावर डेव्हिड ऑसुबेल या मानसशास्त्रज्ञाच्या विचारांचा मोठा प्रभाव होता. शिकणाऱ्याला आधीपासून काय माहीत आहे, यावर त्याचं पुढचं शिकणं सर्वाधिक अवलंबून असतं, असं ऑसुबेल यांनी १९६८ च्या आपल्या पुस्तकात ठामपणे मांडलं होतं. नवं ज्ञान जुन्या खुंटीला टांगलं गेलं नाही तर ते खाली पडतं.

माइंड मॅप हा त्याचा प्रसिद्ध चुलतभाऊ. ब्रिटनच्या टोनी बुझान यांनी १९७० च्या दशकात बीबीसीवरच्या कार्यक्रमांतून आणि पुस्तकांतून तो घराघरांत पोचवला. मध्ये एक विषय, चहूकडे फांद्या, रंग, चित्रं. विषयाचा पसारा भराभर उतरवून काढायला तो झकास आहे. मात्र त्यातल्या रेषा बहुतेक वेळा मुक्या असतात. 'याखाली हे येतं' एवढंच त्या सांगतात. भाचीच्या फोनमधलं चित्र याच जातीचं होतं.

## रेषेवर क्रियापद हवं

त्या दिवशी मी तिला फोन बाजूला ठेवायला लावला आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर पहिल्यापासून सुरुवात केली. धडा मिटलेला. आठवतील ते शब्द लिही म्हटलं. तिने लिहिले: समुद्र, जमीन, कमी दाब, बाष्प, वारे, सह्याद्री, ढग, पाऊस, महाबळेश्वर, वाई, पर्जन्यछाया. अकरा चौकटी.

मग मी एकच अट घातली. रेष ओढायला हरकत नाही, पण रेषेवर शब्द लिहिल्याशिवाय ती धरायची नाही. आणि तो शब्द 'संबंधित' किंवा 'प्रकार' असला तर चालणार नाही. काहीतरी घडलं पाहिजे.

'जमीन' ते 'कमी दाब' या रेषेवर तिने लिहिलं, 'तापल्यामुळे तयार होतो'. 'कमी दाब' ते 'वारे': 'ओढून घेतो'. 'वारे' ते 'बाष्प': 'घेऊन येतात'. 'सह्याद्री' ते 'वारे': 'अडवतो आणि वर चढवतो'. इथपर्यंत हात झरझर चालला. मग ती 'सह्याद्री' आणि 'पर्जन्यछाया' यांच्यावर येऊन थबकली. पेन रेषेवर तसंच राहिलं.

"पाऊस संपतो म्हणून?"

"का संपतो?"

"डोंगराच्या अलीकडे पडून गेला ना सगळा."

"अर्धं बरोबर. पलीकडे उतरणाऱ्या हवेचं काय होतं?"

हे तिला येत नव्हतं. धड्यात होतं, तिने वाचलं होतं, ॲपच्या चित्रातही कुठल्याशा डहाळीवर होतं. पण येत नव्हतं. पुस्तक उघडून तिने शोधून काढलं: डोंगर ओलांडून उतरणारी हवा गरम होते, गरम हवा जास्त बाष्प सामावून घेते, त्यामुळे ढग विरतात. तेव्हा कुठे तिने बारावी चौकट काढली, 'उतरणारी हवा', आणि त्यावरून 'पर्जन्यछाया'कडे रेष नेली. महाबळेश्वरात वर्षाला ५००० मिलीमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि घाट उतरून तासाभरात गाठता येणाऱ्या वाईला त्याच्या पाव हिश्शाइतकाही पडत नाही, याचं कारण तिने त्या कॅलेंडरवर स्वतःच्या हाताने लिहिलं.

वीस मिनिटं गेली. ॲपला अर्धं मिनिट लागलं होतं. त्या वीस मिनिटांत तिच्या समजुतीतलं एक नेमकं भोक सापडलं आणि बुजलं.

## मराठीतून काढताना एक अडचण

ही कुठे लिहिलेली दिसत नाही म्हणून मुद्दाम सांगते. संकल्पना नकाशाची घडण इंग्रजी वाक्याच्या अंगाने जाते: आधी कर्ता, मग क्रियापद, मग कर्म. चौकट, रेष, चौकट. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. 'सह्याद्री वारे अडवतो' असं आपण बोलतो, नकाशात मात्र 'सह्याद्री, अडवतो, वारे' असं वाचावं लागतं. शिवाय आपले विभक्तीचे प्रत्यय शब्दाला चिकटतात. चौकटीत 'वारे' लिहायचं की 'वाऱ्यांना'?

माझा अनुभव असा की चौकटीत नाव कोरं ठेवावं, प्रत्यय लावू नये. रेषेवर हवे तेवढे शब्द लिहावेत, दोन-तीन झाले तरी बिघडत नाही. आणि काढून झालं की प्रत्येक रेष तोंडाने पूर्ण मराठी वाक्यात म्हणावी. जिथे वाक्य जुळत नाही तिथे बहुधा व्याकरण नाही, समजूतच अडलेली असते. सुरुवातीला विचित्र वाटतं, मग डोळ्यांना सवय होते.

टंकलेखनाचंही एक पाहा. युनिकोड मराठीच वापरा, म्हणजे कुठल्याही फोनवर सारखीच दिसणारी. जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेलं दुसऱ्याच्या फोनवर उघडलं की अक्षरांची खिचडी होते. काही साधनांतून पीडीएफ काढताना जोडाक्षरं फुटतात, तेव्हा 'पर्जन्य' आणि 'क्षेत्र' असे दोन शब्द लिहून आधी पीडीएफ काढून बघावी, मग पुढे कष्ट घ्यावेत.

## विचारांचा पसारा निवडायचा असेल तर

आतापर्यंत शिकण्याचं बोललो. पण आकृतिबंधाचं दुसरं मोठं काम म्हणजे निवडणं. तांदूळ निवडतो तसे विचार निवडणं.

यासाठी जिरो कावाकिता या जपानी अभ्यासकाची पद्धत मला फार आवडते. ते नेपाळच्या डोंगराळ गावांत माणसांचं जगणं अभ्यासायला जात. तिथून हजारो सुट्या नोंदी घेऊन परतायचं आणि त्यांचा अर्थ लावायचा, या अडचणीतून त्यांनी १९६० च्या दशकात चिठ्ठ्यांची पद्धत बांधली. जपानीत आडनाव आधी येतं, त्यावरून तिला केजे पद्धत म्हणतात. १९८४ साली त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पद्धत सांगायला सोपी आहे: एका चिठ्ठीवर एकच मुद्दा. सगळ्या चिठ्ठ्या पसरा. एकमेकींजवळ याव्यात असं वाटणाऱ्या जवळ ठेवा. गट झाले की मग त्यांना नाव द्या. आधी मथळे ठरवून चिठ्ठ्या त्यांत कोंबायच्या नाहीत, हा तिचा कणा.

आमच्या सोसायटीच्या सभेत दर वर्षी आरडाओरडा होऊन सभा उठते. या वेळी काही जणांनी आधीच रहिवाशांकडून तक्रारी मागवल्या आणि फोनवरच्या एका पांढऱ्या फळ्यासारख्या ॲपवर प्रत्येक तक्रारीची वेगळी पिवळी चिठ्ठी केली. एकेचाळीस झाल्या. नेहमीच्या सवयीने कोणीतरी लगेच 'पाणी', 'लिफ्ट', 'वीज', 'सुरक्षा' असे चार मथळे टाकले. ते आम्ही पुसले आणि चिठ्ठ्या नुसत्या सरकवत बसलो. 'जिन्यातला दिवा दोन महिने बंद आहे.' 'लिफ्ट बंद असली की औषधं आणायला कोणी नसतं.' 'पाण्याचा कॉक उघडायला तळमजल्यावर यावं लागतं.' 'रात्री बेल वाजवली तरी वॉचमन येत नाही.' चार मथळ्यांत या चार चिठ्ठ्या चार दिशांना गेल्या असत्या. सरकवता सरकवता त्या एकमेकींशेजारी आल्या तेव्हा लक्षात आलं की इथे एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांची एकच अडचण चार तोंडांनी बोलते आहे. त्या गटाला आम्ही एका शब्दाचं नाव दिलं नाही, पूर्ण वाक्य दिलं: 'एकट्या ज्येष्ठांना रात्री-अपरात्री मदत मिळत नाही.' सभेत पहिल्यांदाच तिसऱ्या मिनिटाला ठराव झाला.

डिजिटलचा खरा फायदा मला इथे दिसला. एकेचाळीस कागद जमिनीवर पसरले असते तर पंख्याने उडाले असते, आणि पुण्याबाहेर राहणारे सभासद त्यात नसतेच.

## कुठल्या प्रश्नाला कुठली आकृती?

भराभर सांगते. काय, कशामुळे, कसं घडतं असं विचारायचं असेल तर संकल्पना नकाशा. टप्प्याटप्प्याने घडणारं काम असेल, म्हणजे अर्जापासून दाखल्यापर्यंतचा प्रवास, तर ओघतक्ता. काळाचा क्रम असेल तर कालरेषा. दोन गोष्टींतलं सारखं-वेगळं बघायचं असेल तर एकमेकांत शिरलेली दोन वर्तुळं, म्हणजे इंग्रज तर्कशास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १८८० मध्ये मांडलेली वेन आकृती. तीनपेक्षा जास्त गोष्टींची तुलना असेल तर वर्तुळांच्या नादी लागू नये, साधा रकान्यांचा तक्ता उत्तम. काही बिघडलं असेल आणि कारणं शोधायची असतील तर माशाच्या काट्याची आकृती: डोक्याशी बिघाड, मधल्या काट्याला दोन्हीकडून कारणांचे काटे. जपानचे काओरू इशिकावा यांच्या नावाने ती ओळखली जाते.

आकृती चुकीची निवडली की ती खोटं बोलू लागते. पावसाला माइंड मॅपमध्ये घातलं की कारण आणि परिणाम एकाच पंगतीला बसतात. भाचीचं झालं तेच.

## "वहीत काढलं तर काय बिघडतं?"

काहीच नाही. पहिला आराखडा तर मी कागदावरच काढायला सांगेन. पेन हातात असलं की रंग कुठला, चौकट गोल की चौकोनी, यात वेळ जात नाही, आणि फोन हातात नसला की दुसरं काही वाजतही नाही.

पण कागदावर एकदा काढलेली चौकट हलत नाही. समजूत बदलली की खाडाखोड होते, मग नवं पान, मग कंटाळा. स्क्रीनवर चौकट उचलून दुसरीकडे नेली की तिच्या रेषाही मागोमाग येतात. फांद्या मिटवता-उघडता येतात, एखाद्या चौकटीला फोटो किंवा व्हिडिओ जोडता येतो, तिघं-चौघं तीन गावांत बसून एकाच नकाशावर काम करू शकतात. म्हणून माझा क्रम असा: आधी पाठकोऱ्या कागदावर, आणि टिकवण्याजोगं वाटलं तरच फोनवर. पैसे मोजायची गरज नाही. ड्रॉ डॉट आयओ, एक्सकॅलिड्रॉ ब्राउझरमध्येच उघडतात. फ्रीप्लेन संगणकावर मोफत घेता येतं. नोव्हाक यांच्या पद्धतीसाठीच फ्लोरिडातल्या एका संशोधन संस्थेने बनवलेलं सीमॅपटूल्स रेष ओढली की तिच्यावर शब्द लिहायला आपोआप जागा देतं, म्हणून शिकणाऱ्यांसाठी ते मला सगळ्यात आवडतं. मात्र पाच-सहा इंची स्क्रीनवर पन्नास चौकटींचा नकाशा बघणं म्हणजे किल्लीच्या भोकातून जत्रा बघण्यासारखं आहे. फोनवर काम करायचं असेल तर एका पानात पंधरा चौकटींवर जाऊ नये.

## "एआय आयतं देतं, मग घाम का गाळायचा?"

ज्याला विषय आधीच येतो, त्याला आयता नकाशा खरोखर उपयोगी पडतो. साठ पानांचा सरकारी अहवाल समोर आला आणि त्यात काय काय आहे हे दहा मिनिटांत हवं असेल, तर मीही तेच करेन. अनोळखी शहरात शिरताना नकाशा विकतच घेतो आपण.

शिकायचं असेल तेव्हा हिशोब बदलतो. काय चौकटीत घ्यायचं, काय सोडायचं, कशाला कशाशी जोडायचं, हे ठरवणं हेच तर शिकणं. ते ॲपने केलं तर शिकलं कोण? आपल्यासाठी दुसऱ्याने लावलेल्या मांडणीवर झारा कुठे आहे, हे आपल्याला विचारावंच लागतं. शिवाय ही ॲपं चुकतात, आणि चुकलेली रेषही तितकीच सुबक दिसते. रेषेला गिचमिड अक्षर नसतं, म्हणून संशयही येत नाही.

मधला मार्ग आहे. आधी स्वतः काढा, धडा मिटून. मग ॲपकडून काढून घ्या आणि दोन्ही शेजारी ठेवा. तुमच्यात नसलेली चौकट त्यात दिसली तर ती घेण्याजोगी आहे का ते बघा. त्यातली एखादी रेष पटली नाही तर पुस्तकात जाऊन तपासा. या भांडणात शिकणं होतं.

## "यापेक्षा धडा आठवून लिहिणं बरं नाही का?"

हा आक्षेप सगळ्यात तगडा आहे आणि त्याला प्रयोगाचं पाठबळ आहे. पर्ड्यू विद्यापीठातले जेफ्री कार्पिके आणि जनेल ब्लंट यांचा अभ्यास २०११ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. काही विद्यार्थ्यांनी विज्ञानाचा उतारा समोर ठेवून संकल्पना नकाशे काढले. काहींनी उतारा वाचून मिटला आणि आठवेल ते लिहून काढलं. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे निघाले. इतकंच काय, परीक्षेत नकाशा काढायला सांगितला तरी तेच पुढे होते.

आकृतिबंधांच्या चाहत्यांना हा निकाल झोंबला. पण नीट पाहिलं तर त्यात एक शब्द कळीचा आहे: उतारा समोर ठेवून. समोर पुस्तक असलं की नकाशा काढणं म्हणजे उतरवणं होतं. याच दोघांनी २०१४ मध्ये पुढचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात विद्यार्थ्यांना उतारा मिटून, आठवणीतून नकाशा काढायला लावलं होतं. तेव्हा तो आठवून परिच्छेद लिहिण्याइतकाच उपयोगी ठरला. म्हणजे पुस्तक मिटणं महत्त्वाचं. पाठकोऱ्या कागदाशी मी भाचीला धडा मिटायला लावला तो याच कारणाने. संकल्पना नकाशांवरचे अनेक अभ्यास एकत्र करून घेतलेल्या आढाव्यांतही, आयता नकाशा अभ्यासण्यापेक्षा स्वतः काढण्याचा फायदा अधिक दिसला आहे.

शाळेत 'आकृतिबंध पूर्ण करा' म्हणून जो तयार सांगाडा मिळतो, त्याबद्दल माझी तळमळीची तक्रार हीच आहे. रिकाम्या चौकटी कुठे आणि किती हे आधीच ठरलेलं असतं. मूल उताऱ्यातून शब्द उचलतं आणि त्यात बसवतं. पहिली पायरी म्हणून ते ठीक. पण नववी-दहावीपर्यंत कधीतरी कोरं पान द्यायला हवं.

## "मी चित्रांतून शिकणाऱ्यातली नाही"

कोणी बघून शिकतं, कोणी ऐकून शिकतं, अशी माणसांची वर्गवारी फार लोकप्रिय आहे. पण त्या वर्गवारीप्रमाणे शिकवलं तर जास्त फायदा होतो याला पुरेसा पुरावा नाही, असं हॅरल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ च्या आढाव्यात दाखवून दिलं. आकृतिबंध चित्रकलेसाठी नाहीच. चौकट वेडीवाकडी आली तरी रेषेवरचं क्रियापद बरोबर असलं की झालं.

खरी अडचण आहे ती ज्यांना दिसत नाही त्यांची. चित्र म्हणून पाठवलेला नकाशा स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला मुका असतो. म्हणून ज्या साधनात तोच नकाशा मुद्दे-उपमुद्द्यांच्या यादीसारखाही बाहेर काढता येतो, ते निवडावं. वर्गात एक जरी मूल असं असेल तर यादी सोबत जायलाच हवी.

## फाइल तुमची आहे का?

अनेक शिक्षकांनी टाळेबंदीच्या काळात गूगलच्या जॅमबोर्ड या डिजिटल फळ्यावर वर्गच्या वर्ग चालवले. ३१ डिसेंबर २०२४ ला गूगलने ते बंद केलं. ज्यांनी वेळेत दुसरीकडे हलवलं नाही त्यांना ते फळे पुन्हा बदलता येईनात. म्हणून नकाशा झाला की तीन गोष्टी स्वतःकडे ठेवाव्यात: पुन्हा बदलता येईल अशी मूळ फाइल, एक चित्र, आणि एक साधी मजकुराची यादी. ॲप राहो न राहो, यादी उघडतेच.

भाचीने तिचा पावसाचा नकाशा आता फोनवर घेतला आहे. मागच्या रविवारी मी तिला तोच न बघता पुन्हा काढायला सांगितला होता. रात्री तिचा फोन आला.

"मावशी, बाराच्या बारा चौकटी आल्या. 'उतरणारी हवा'पण आली. पण आता एक तेरावी आहे, ती कुठेच बसत नाहीये."

"कुठली?"

"परतीचा पाऊस. तो ऑक्टोबरात येतो ना, तेव्हा तर वारे समुद्रावरून येत नसतात. मग माझ्या नकाशातली कुठली रेष त्याच्याकडे जाणार?"

मी म्हटलं, ती चौकट एका बाजूला ठेव, रेष काढू नकोस. रविवारी दोघी मिळून शोधू.